वाचनालयातले कार्यक्रम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुस्तक बदलायला आलेला माणूस कार्ड पुढे करता करता विचारतो, "शनिवारी कोण येतंय?" ग्रंथपालताई एका हातानं शिक्का मारत उत्तर देतात. पाच मिनिटांनी दुसरा येतो, तोच प्रश्न. ताईंचा घसा वाचावा म्हणून हा खटाटोप. सांगली जिल्ह्यातल्या, कृष्णाकाठच्या एका लहान गावातलं हे सार्वजनिक वाचनालय. उत्तरं कार्यवाहांनी लिहिली आहेत. कुठे सूर चढलेला वाटला तर तो त्यांचा समजावा, ताईंचा नाही.

कार्यक्रमाला यायचं तर सभासद असावं लागतं का?

नाही. तिकीट नाही, पास नाही, नाव नोंदवायचं नाही. चपला बाहेर काढाव्यात, कारण पुढच्या निम्म्या भागात सतरंजी असते आणि ती झटकायला मामा एकटेच आहेत. (मामा म्हणजे आमचे शिपाई. त्यांना या नावाखेरीज कुणी हाक मारलेली ऐकिवात नाही.)

सहाचा कार्यक्रम म्हणजे नक्की किती वाजता?

सहा वाजता.

हे वेगळं लिहावं लागतं, कारण आपल्याकडे सहा म्हणजे पावणेसात हा जुना रिवाज. आम्हीही तो पाळायचो. एकदा व्याख्याते पावणेसहालाच येऊन बसले आणि समारंभाचे अध्यक्ष उगवले सव्वासातला. मधल्या वेळात पहिल्या रांगेतल्या एक आज्जी उठल्या, पदर सावरला आणि व्याख्यात्यांपाशी जाऊन म्हणाल्या, "येते बाबा, म्हशीची धार काढायची ऱ्हायलीय. तू बोल निवांत." ज्यांच्यासाठी बोलायचं ते माणूस घरी गेलं आणि ज्याच्यासाठी थांबलो त्याला बोलण्यात रस नव्हता. पुढच्या सभेत ठराव केला : समारंभाला अध्यक्ष नाही, दीपप्रज्वलन नाही, सहाला घंटा. आता मामा शाळेसारखी पितळी घंटा वाजवतात आणि समोर दहा माणसं असली तरी सुरुवात होते. आठच्या आत संपतं. ध्वनिक्षेपकाला नियमानं रात्री दहापर्यंत मुभा आहे, पण मागच्या गल्लीत दहावीची पोरं अभ्यासाला बसलेली असतात आणि बाहेरगावच्या लोकांना शेवटची एसटी गाठायची असते.

वर्षभरात काय काय असतं?

आधी काय नसतं ते सांगतो. मकर संक्रांतीला आमच्याकडे काहीही नसतं. त्या दिवशी औदुंबरला कृष्णेच्या काठावर साहित्य संमेलन भरतं. कवी सुधांशूंच्या गावाची ही परंपरा कितीतरी दशकांची आहे, आणि आमचे निम्मे सभासद खिशात तिळगूळ घालून तिकडे गेलेले असतात. उरलेल्या निम्म्यांसाठी इथे दिवा लावण्यात अर्थ नाही. ताईसुद्धा तिकडेच असतात.

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. त्या दिवशी भाषणं कमी आणि वाचन जास्त. २३ एप्रिलच्या ग्रंथदिनाला रद्द केलेल्या पुस्तकांची विक्री, वजनावर. एप्रिल संपता संपता पाच दिवसांची व्याख्यानमाला. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि ती कल्पना पुढे महाराष्ट्रभर गावोगाव रुजली. शेजारच्या साताऱ्यात वाईलाही ती आहे. आमची त्याच वेलीवरची, उशिराची आणि लहान.

जूनअखेर ते ऑगस्ट आम्ही पाहुणा बोलावत नाही. ते दिवस नदीचे. त्याबद्दल पुढे येईल. फक्त १२ ऑगस्टला, पाणी ठीक असेल तर, ग्रंथालय दिन करतो. डॉ. रंगनाथन यांचा तो जन्मदिवस. गणिताचे प्राध्यापक असलेल्या या माणसानं १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, आणि त्यातला पहिला आमच्या दारावर रंगवलेला आहे : पुस्तकं वापरासाठी आहेत. त्या दिवशी कपाटांच्या किल्ल्या आम्ही सभासदांच्या हाती देतो आणि दिवसभर बाजूला बसतो. संध्याकाळपर्यंत सगळी मांडणी विस्कटलेली असते. ताईंना तो दिवस अजिबात आवडत नाही.

१५ ऑक्टोबरला डॉ. कलामांच्या जन्मदिनी वाचन प्रेरणा दिन, तो शाळांचा. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन. सांगली जिल्ह्यात राहून तो चुकवला तर शोभत नाही, कारण विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली पहिलं मराठी नाटक सांगलीतच केलं. दिवाळीच्या आसपास अंकांची योजना आणि त्यावर गप्पा. पुढे कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या असतात, म्हणून डिसेंबर-जानेवारीतले कार्यक्रम रविवारी सकाळी दहाला घेतो. अंधारात दिवे नसलेल्या ट्रॉलीमागून दुचाकीवर या, असं कुणाला सांगायची आमची छाती नाही.

अमुक लेखकाला बोलवा ना! कुणाला सांगायचं?

देवघेवीच्या टेबलावर हिरव्या पुठ्ठ्याची वही आहे. तिच्यात नाव लिहा आणि खाली एक ओळ : त्यांचं तुम्ही काय वाचलंय. ही ओळ रिकामी असली तर सूचना बाद. हे कडक वाटतं, पण एके वर्षी वहीत सगळ्यात जास्त वेळा ज्यांचं नाव आलं त्यांचं एकही पुस्तक कुणी वाचलेलं नव्हतं. मालिकेत पाहिलं होतं.

दुसरा नियम आमच्यासाठी आहे. ज्यांना बोलावायचं त्यांची निदान तीन पुस्तकं, आणि मुख्य पुस्तकाच्या चार-पाच प्रती, कार्यक्रमाच्या सहा आठवडे आधी वाचनालयात आलेल्या असल्या पाहिजेत. त्या प्रती सात दिवसांच्या मुदतीनं फिरतात. लेखक येतो तेव्हा समोरच्या वीस-पंचवीस जणांनी तरी ते वाचलेलं असतं. न वाचलेल्या लोकांपुढे लेखक बोलला तर तो आपल्या लहानपणापासून सुरुवात करतो. वाचलेल्यांपुढे त्याला थेट पुस्तकात शिरता येतं. हा फरक ऐकणाऱ्याला पहिल्या दहा मिनिटांत कळतो, आणि बोलणाऱ्याला त्याच्याही आधी.

मोठं नावच हवं, असा काहींचा आग्रह असतो. आमचा नाही. आजवर सगळ्यात जास्त प्रश्न ज्यांना विचारले गेले ते पाहुणे लेखक नव्हतेच, द्राक्षबागेच्या छाटणीच्या नोंदी वर्षानुवर्षं वहीत ठेवणारे शेजारच्या तालुक्यातले शेतकरी होते. ती वही त्यांनी हातात दिली तेव्हा मागच्या रांगेतले लोक उठून पुढे आले.

पाहुण्यांना मानधन देता का?

देतो. थोडं देतो, पण देतो, आणि आकडा पहिल्याच फोनवर सांगतो.

याबद्दल जरा सविस्तर लिहितो. "सरस्वतीच्या दरबारात पैशाचं काय" हे वाक्य नेहमी त्याच्या तोंडी असतं ज्याला द्यायचे असतात. मी स्वतः एका गावी कथा वाचायला गेलो होतो. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, गणपतीची फायबरची मूर्ती मिळाली. तीनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. रात्री साडेनऊला मला स्टँडवर सोडून यजमान गेले आणि खिशात परतीच्या तिकिटाला वीस रुपये कमी होते. नारळ कंडक्टरला देऊ का, असा विचार खरोखर मनात आला होता. एका अनोळखी माणसानं भर घातली. त्या गावाचं नाव लिहीत नाही, कारण तेव्हा आपणही तसंच करत होतो.

आता आमची पद्धत अशी. प्रवासखर्च जाण्यायेण्याचा, तिकीट न मागता. पुण्याकडून रेल्वेनं येणाऱ्यांना किर्लोस्करवाडीला उतरायला सांगतो. ज्या वाडीतून एके काळी 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' ही मासिकं निघत तिथेच उतरतोय हे कळलं की पाहुण्यांचा चेहरा बदलतो. तिथून मोटारसायकल किंवा रिक्षा आमची. मानधनाचं पाकीट कार्यक्रमाच्या आधी, चहाबरोबर, बाजूच्या खोलीत. व्यासपीठावर कधीच नाही. मुक्काम असेल तर सभासदांपैकी कुणाच्या तरी घरी. जेवणात वांग्याचं भरीत असेल, हे आधीच सांगून ठेवतो.

शाल-श्रीफळ बंद केलं. त्याऐवजी अर्धा किलो बेदाणे आणि हळकुंडांची पुडी देतो. सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे आणि दोन्ही घरात वापरून संपतात. शालींचं काय होतं ते प्रत्येक लेखकाच्या घरच्यांना विचारा.

पैसे येतात कुठून? सरकार देतं ना?

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार वार्षिक अनुदान मिळतं. त्यातून पुस्तकं घ्यायची, सेवकांचे पगार करायचे, वीजबिल भरायचं. पाहुण्याच्या पाकिटापर्यंत त्यातलं फारसं काही पोचत नाही, आणि अनुदान कधी हाती येईल त्यावर कार्यक्रमाची तारीख ठरवणारा माणूस अजून जन्मायचा आहे. पुस्तकांच्या रूपानं कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानची मदत असते, तिचा उपयोग मोठा.

कार्यक्रमांचा खर्च चालतो दाराशी ठेवलेल्या डब्यावर आणि 'एक संध्याकाळ' देणगीवर. आईवडिलांच्या स्मरणार्थ कुणी एका कार्यक्रमाचा खर्च उचलतं. त्यांचं नाव फळ्यावर लिहितो, एकदा वाचून दाखवतो आणि संपलं. देणगीदाराचं भाषण नाही. यावरून दोन देणगीदार गेले. तिसऱ्या बाई मात्र म्हणाल्या, "बरं झालं, मला भाषणाचीच भीती होती."

माझ्या पुस्तकाचं प्रकाशन तुमच्याकडे करता येईल का?

करता येईल, आणि हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. जिल्ह्यात कवी उदंड. माडगूळकर बंधूंच्या जिल्ह्यात ते असणारच.

अटी अशा. एक तास. व्यासपीठावर तिघांपेक्षा जास्त माणसं नाहीत. त्या तिघांतल्या एकानं तरी पुस्तक पूर्ण वाचलेलं असावं, आणि तो लेखकाचा साडू नसावा. वीस मिनिटं लेखकानं पुस्तकातलंच वाचायचं. दोन प्रती वाचनालयाला, दाखल नोंदवहीत त्याच दिवशी चढवू. सभागृहाचं भाडं नाही. विक्रीचं टेबल लावा, आमचा त्यात हिस्सा नाही.

बऱ्याच जणांनी स्वतःच पुस्तक छापलेलं असतं आणि पुढच्या गोष्टी त्यांना कुणी सांगितलेल्या नसतात, म्हणून इथे लिहितो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा जगभर चालणारा ओळख क्रमांक, भारतात मोफत मिळतो. तो मिळवून देतो म्हणून कुणी वेगळे पैसे मागत असेल तर आधी स्वतः अर्ज करून पाहा. आणि १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकानं, म्हणजे स्वतः छापलं असेल तर तुम्हीच, पुस्तकाच्या प्रती कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथली ठरलेली ग्रंथालयं यांना पाठवायच्या असतात. लोक नातेवाइकांना पन्नास प्रती वाटतात आणि या चार राहून जातात. पन्नास वर्षांनी तुमचं पुस्तक कुणाला शोधायचं असेल तर तो नातेवाइकांच्या माळ्यावर चढणार नाही, तिकडे जाईल.

कार्यक्रम नुसता ऐकायचा असतो का? प्रश्न कसे विचारायचे?

शेवटची पंचवीस मिनिटं प्रश्नांची. ती कापत नाही. व्याख्यान लांबलं तर व्याख्यान कापतो. मामा घंटेजवळ जाऊन उभे राहतात, एवढं पुरतं.

प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचा. पूर्वी माईक फिरवायचो. तेव्हा एक सद्गृहस्थ दर वेळी उठायचे, घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "माझा प्रश्न नाही, पण दोन शब्द बोलू इच्छितो." ते दोन शब्द अकरा मिनिटं चालायचे आणि १९७२ च्या दुष्काळापाशी संपायचे. माणूस चांगला, वाचन दांडगं. पण माईक त्यांच्या हातात गेला की बायका पिशव्या आवरायला लागायच्या. चिठ्ठ्या आल्या आणि दोन गोष्टी घडल्या. सद्गृहस्थांचा प्रश्न एका ओळीत आला आणि तो त्या दिवशीचा सगळ्यात चांगला प्रश्न निघाला. आणि ज्या कधीच उभ्या राहिल्या नव्हत्या त्या सासुरवाशिणी, नर्सबाई, बँकेतली मुलगी, या सगळ्यांच्या चिठ्ठ्या यायला लागल्या. नाव लिहायची सक्ती नाही. अक्षर ताई ओळखतात, पण सांगत नाहीत.

लहान मुलांना आणलं तर चालेल?

आणा. रडलं तर बाहेर ओट्यावर घेऊन बसा, तिथेही आवाज येतो.

मुलांसाठी वेगळं म्हणजे दर शनिवारी सकाळी अकराला बालविभागात अभिवाचन. मोठं माणूस वाचतं, मुलं ऐकतात, नंतर चित्र काढायची सक्ती नाही, बोधही विचारायचा नाही. मुलांच्या कार्यक्रमात बोध विचारला की पुढच्या शनिवारी निम्मी मुलं येत नाहीत, हे आम्ही हात पोळून शिकलो. एकदा एक कथालेखक आले होते. गोष्ट वाचून झाली. तिसरीतला एक मुलगा उठला. "सर, ती म्हातारी शेवटी एकटीच ऱ्हायली का ओ?" लेखक म्हणाले, "तुला काय वाटतं?" मुलगा म्हणाला, "तुमी लिव्हलंय, मला काय इचारताय?" सगळे हसले. लेखक हसले नाहीत. ते खाली सतरंजीवर त्याच्याजवळ जाऊन बसले आणि त्या म्हातारीचं पुढे काय झालं ते दोघांनी मिळून ठरवलं. आम्हाला काही ऐकू आलं नाही.

चौथी-पाचवीतल्या मुलाला वाचनाची गोडी लागत नाही, त्याच्यासाठी काही शिबिर?

शिबिर नाही. त्याला शनिवारी आणा आणि तुम्ही स्वतःसाठी एक पुस्तक घेऊन शेजारी बसा. सुट्टीत जमलं तर पाचगणीजवळच्या भिलारला घेऊन जा. २०१७ पासून ते 'पुस्तकांचं गाव' आहे, लोकांच्या घरांतच पुस्तकं ठेवलेली आहेत आणि कुणीही बसून वाचू शकतं. स्ट्रॉबेरीच्या दिवसांत गेलात तर मूल यायला आढेवेढे घेणार नाही.

दुसऱ्याच्या कविता, कथा व्यासपीठावर वाचल्या तर कायद्याची अडचण येते का?

प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातला बेताचा भाग जाहीरपणे वाचून दाखवायला कायद्यानं परवानगी आहे. अख्खं पुस्तक वाचून त्याची ध्वनिफीत विकायला अर्थातच नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे असतात. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचे हक्क २०५९ संपेपर्यंत आहेत. पंचवीस वर्षं झाली की सगळं मोकळं होतं, असं आमच्याकडे एक सभासद ठासून सांगायचे. ते चूक आहे.

कुणाचंही वाचा, पण कवीचं नाव आधी घ्या. "कुणीतरी म्हटलंय" चालणार नाही. ज्यानं म्हटलंय तो कुणीतरी नव्हता.

मोबाइलवर चित्रण केलं तर?

पाहुण्यांना विचारून. भाषणावर हक्क बोलणाऱ्याचा असतो. शिवाय चित्रण चालू आहे म्हटलं की बोलणारा जपून बोलतो, आणि जपून बोललेलं ऐकायला कुणी एवढ्या लांबून येत नाही. फोटो पहिल्या पाच मिनिटांत काढून घ्या.

सभागृह वाढदिवसाला, हळदीकुंकवाला मिळेल का?

नाही.

राजकीय कार्यक्रम?

तोही नाही. निवडणुकीच्या काळात आम्ही पुढाऱ्याच्या चुलतभावाचा कवितासंग्रहसुद्धा पुढे ढकलतो. राजकारणावर लिहिलेल्या पुस्तकावर चर्चा मात्र होते आणि चांगली तापते. यशवंतराव चव्हाणांचं देवराष्ट्रे याच जिल्ह्यात. इथल्या माणसाला राजकारणावर बोलू नका म्हणणं म्हणजे मासळीला पोहू नको म्हणण्यासारखं. पक्षाचा झेंडा आणि उपरणं तेवढं बाहेर ठेवा.

पुराच्या दिवसांत वाचनालय बंद असतं का? आणि ते 'पुस्तकं वाळवणं' काय प्रकार आहे?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं आणि कपाटांच्या खालच्या तीन फळ्या त्यात. पाणी ओसरल्यावर दार उघडेना, कारण फुगलेली पुस्तकं कपाटातून निसटून दाराला टेकली होती. आत गाळाचा आणि खळीचा मिळून एक वास होता, तो ज्यांनी घेतला त्यांना अजून आठवतो.

त्या आठवड्यात गावात कुणाचंच घर धड नव्हतं. तरी दुपारी आपापलं आवरून बायका आल्या, कॉलेजची पोरं आली. आमच्या वाचनालयाचा सगळ्यात मोठा लोकांचा कार्यक्रम कोणता, असं विचारलं तर मी तोच सांगेन. फळ्यावर त्याची सूचना लागली नव्हती.

तेव्हा जे शिकलो ते लिहून ठेवतो, कुणाच्या तरी कामी येईल. ओलं पुस्तक ओढून उघडू नये, पानं फाटतात. गाळ असेल तर पुस्तक मिटलेलं धरून स्वच्छ पाण्यात हलकेच धुवावं. मग उभं करून निथळू द्यावं आणि थोड्या थोड्या पानांमागे कोरा शोषणारा कागद घालावा. छापील वर्तमानपत्र घातलं तर शाई उतरते. आमच्या एका ज्ञानकोशात अजून उलट्या अक्षरांतली बाजारभावाची बातमी आहे. कागद ओला झाला की बदलायचा, वरून पंख्याचा वारा. कडक उन्हात ठेवू नये, पुठ्ठे वाकतात आणि पानं पापडासारखी होतात. दोन दिवसांत बुरशी धरायला लागते, म्हणून घाई. गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तकं एकदा चिकटली की वीट होते, ती आम्ही वाचवू शकलो नाही. एका आज्जींनी शेवया वाळवायच्या काठ्या आणून दिल्या. त्यांवर पातळ पुस्तकं मधोमध टांगली. बारीक कवितासंग्रह त्या काठ्यांवर सगळ्यात चांगले वाळले.

आता खालच्या तीन फळ्यांवर आम्ही पुस्तकं ठेवत नाही. त्या रिकाम्या का, असं नवे सभासद विचारतात. म्हणून.

कार्यक्रम चांगला झाला हे तुम्ही कसं ठरवता? गर्दीवरून?

दुसऱ्या दिवशीच्या देवघेवीवरून. ताई सकाळी नोंदवही उघडून बसतात आणि आदल्या संध्याकाळी ज्यांच्याबद्दल बोलणं झालं त्यांची पुस्तकं किती गेली ते मोजतात. सभागृह भरून ओट्यावर माणसं उभी होती, हशा-टाळ्यांनी छप्पर उडालं, आणि दुसऱ्या दिवशी एकही पुस्तक गेलं नाही, असंही झालंय. ते वक्ते फार विनोदी होते. आणि पंधरा माणसांचा, थोडा रटाळच म्हणावा असा कार्यक्रम होता, लोककथांवरचा. त्यानंतर त्या कपाटातली पुस्तकं दोन महिने जागेवर नव्हती. पहिल्या प्रकारच्या वक्त्यांना आम्ही परत बोलावत नाही असं नाही. व्याख्यानमालेच्या शेवटच्या दिवशी बोलावतो.

दिवाळी अंकांच्या गप्पा म्हणजे काय?

दिवाळी अंकाची चाल मराठीत १९०९ साली 'मनोरंजन' मासिकानं पाडली. आमच्याकडे वेगळी वर्गणी भरली की अंक फिरते मिळतात. देवदिवाळीनंतरच्या रविवारी सगळे जमतात आणि प्रत्येकानं एकच सांगायचं : वर्गणी वसूल झाली असं वाटायला लावणारा मजकूर कोणता. भविष्याची पानं मोजायची नाहीत. भडंग असतो. भांडणंही असतात.

ऐकू कमी येतं, जिना चढवत नाही, तर?

कार्यक्रम तळमजल्यावरच होतात. पहिल्या रांगेत डावीकडच्या सहा खुर्च्या तुमच्यासाठी. तिथे बसलेल्या तरुणाला बेलाशक उठवा. त्या बाजूचा कर्णा नवा आहे, उजवीकडचा शिट्टी मारतो.

मदत करायची आहे. काय करू?

खुर्च्या. नेहमी खुर्च्याच. मांडायला सगळे येतात, उचलायला मामा उरतात. कार्यक्रम संपल्यावर दहा मिनिटं थांबलात तरी पुष्कळ झालं. सूत्रसंचालन करायला आमच्याकडे चौघे रांगेत आहेत, ते नको.

आणि कुणी आलंच नाही तर?

झालंय. मे महिना, वळवाचा पाऊस, तारा तुटून गावभर अंधार. पाहुण्या कवयित्री साताऱ्याहून भिजत आल्या होत्या. सभागृहात चौघे : मी, ताई, मामा आणि पाऊस थांबेपर्यंत आडोशाला शिरलेला एक ट्रॅक्टरवाला. मी ओशाळून कार्यक्रम पुढे ढकलूया म्हणालो. बाई म्हणाल्या, "मेणबत्ती आहे का?" मामांनी देवघेवीच्या टेबलावर मेणबत्ती लावली, आम्ही भोवती स्टुलं घेतली. त्यांनी तासभर कविता वाचल्या. मधे ट्रॅक्टरवाला म्हणाला, "ती मघाची परत म्हणा की, विहिरीची." त्यांनी म्हटली. मग त्यानं आपल्या आईच्या तोंडून ऐकलेल्या जात्यावरच्या दोन ओव्या म्हणून दाखवल्या आणि बाईंनी त्या वहीत लिहून घेतल्या. दिवे आले तेव्हा सगळ्यांचे डोळे दिपले.

दुसऱ्या दिवशी तो अनामत भरून सभासद झाला. नोंदवहीत त्याच्या नावापुढे विहिरीच्या कवितेचा तो संग्रह आहे. मुदत कधीच उलटून गेली, अजून परत आलेला नाही. ताई दंड लावत नाहीत.

पुढचा कार्यक्रम कधी?

दारातल्या फळ्यावर. खडूनं लिहिलेलं असतं, पावसात पुसलं गेलं तर मामांना विचारा.